बँकेतली नोकरी सोडून इंटिरियर डिझाइन : वय २९, करू का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नाशिकला राहते, बी.कॉम., एका बँकेत कर्ज विभागात सहा वर्षं झाली. मुलगा चार वर्षांचा. मागच्या वर्षी आमचा टू बीएचके मी स्वतः उभं राहून करून घेतला. सुतार शोधण्यापासून पडद्यांचं कापड फाडून आणण्यापर्यंत सगळं. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "तू यातच का पडत नाहीस?" आणि आता ते डोक्यातून जातच नाही.

इथे एका खासगी इन्स्टिट्यूटचा ११ महिन्यांचा डिप्लोमा आहे. फी २ लाख ६० हजार, "१०० टक्के प्लेसमेंट" म्हणतात. शुक्रवारपर्यंत भरले तर २० हजार सूट, म्हणून काउन्सेलरचा रोज फोन. नवरा म्हणतो, कर. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, म्हणजे काय ते समजून घ्या.

आर्किटेक्चर न करता चालतं का? माझी चित्रकला यथातथाच आहे. आणि पहिली दोन-तीन वर्षं हातात नक्की काय पडतं? कुणी या धंद्यात असेल तर खरं खरं सांगा, दुखलं तरी चालेल.

रंधा

ताई, मी फर्निचरची कामं घेतो, सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. डिझायनर लोकांची ड्रॉइंगं रोज बघतो. मागच्या महिन्यात एल आकाराच्या कपाटाचं थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं चित्र, आलं. दिसायला एक नंबर. पण कोपऱ्यातली दोन दारं उघडली की एकाचं हँडल दुसऱ्यावर आपटणार. फोन केला तर म्हणाल्या, थ्रीडीत तर बरोबर दिसतंय. अहो, थ्रीडीत दारं बंद असतात!

शिका, पण बिजागरी कुठे बसते ते आधी शिका. नाशिकमध्येच आहात तर या एखाद्या रविवारी, चहा पाजतो.

सूतभर

पुण्यात १४ वर्षं हेच करतेय. आधी तुमचे प्रश्न उरकते.

आर्किटेक्चर लागत नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. आपल्याला तशी सक्तीची नोंदणीच नाही. उद्या पाटी लावलीत तरी कुणी अडवणार नाही, आणि गोची तीच आहे, कारण कोपऱ्यावरच्या पडदेवाल्यालाही कुणी अडवत नाही. भिंत पाडायची वेळ आली की मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू द्यायचा नाही. हल्ली माइवानच्या (साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या) इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, तिथे "ही भिंत काढून किचन ओपन करू" हा विषयच संपतो.

चित्रकला यथातथा असू दे. माप कसं आहे ते सांगा.

२०१३ ची गोष्ट. माझं स्वतंत्र दुसरंच काम, कोथरूडला. बेडरूममध्ये दोन भिंतींच्या खाचेत कपाट बसवायचं होतं. मी टेप लावली, ७ फूट. लिहून घेतलं, ड्रॉइंग काढलं, वर्कशॉपला पाठवलं. दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडलं आणि स्वतःवर खूश झाले. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे कोर्समध्ये शिकवत नाहीत, तिथे मिलिमीटर असतात. साइटवर मिस्त्री "दोन सूत मारतो" म्हणाला की मान डोलवायची, घरी येऊन गुणाकार करायचा.) कपाट आलं, चार माणसांनी उचलून आत सरकवलं, आणि कमरेच्या वर ते अडकलं. वर माप निघालं ६ फूट ११ इंच २ सूत. मी खाली फरशीजवळ एकदाच मोजलं होतं. भिंत ओळंब्यात नव्हती, प्लास्टर वर जाड होत गेलेलं.

मिस्त्री म्हणाला, प्लास्टर खरवडू. मी हो म्हटलं. भिंत चार इंची, पलीकडे बाथरूम. छिन्नीच्या तिसऱ्या घावाला पलीकडे टाइल पडल्याचा आवाज आला. तो आवाज अजून लक्षात आहे. तशा टाइल बाजारात बंद झालेल्या, म्हणून ती अख्खी भिंत नव्यानं लावून द्यावी लागली. २३ हजार माझ्या खिशातून गेले. त्या कामाची माझी फी होती ३५ हजार.

तेव्हापासून रुंदी तीन ठिकाणी मोजते, खाली, मध्ये, वर, आणि सगळ्यांत कमी असेल ते खरं. बाजूला फिलर पट्टी, म्हणजे फट झाकणारी पट्टी, ठेवतेच. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजते. सारखे आले नाहीत तर खोली तिरकी. नवीन बिल्डिंगमध्येही येत नाहीत, बिल्डर कितीही मोठा असो.

दुसरं माप माणसांचं. ओटा सरसकट ३३-३४ इंच उंच करून टाकतात. माझ्या एका क्लायंटच्या आई ४ फूट १० इंच. त्यांना मी रिकाम्या किचनमध्ये पोळपाटापुढे उभं केलं, पोळपाटाखाली विटा रचून. कोपरापासून चारेक इंच खाली हात चालला पाहिजे. ३१ इंचांवर त्या म्हणाल्या, "आता खांदा नाही भरत." सून ५ फूट ५. मग? सिंककडचा भाग ३४, पोळ्यांचा भाग ३१. ओट्याला पायरी आली. फोटोत मुळीच छान दिसत नाही, म्हणून माझ्या इन्स्टाग्रामवर ते किचन नाही. त्याच बाईंनी विचारलं होतं, १५ किलोचा गव्हाचा डबा कुठे राहणार, आणि पुरणयंत्र? थ्रीडीत गव्हाचा डबा कधी पाहिलाय का तुम्ही? तिथे कायम तीन लिंबं आणि एक वाइनचा ग्लास असतो.

पैसे. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलीला मी महिना १८ हजार देते, आणि पहिलं वर्षभर ती टेप धरते, व्हेंडरना फोन करते, सोसायटीच्या ऑफिसात डिपॉझिट आणि राडारोड्याच्या परवानग्या घेते. तुमचा आत्ताचा पगार याहून जास्त असणार. स्वतंत्र काम सुरू केलंत की फी कुणी चौरस फुटावर घेतं, कुणी खर्चाच्या टक्क्यांवर, कुणी ठोक. मी ठोक घेते. टक्क्यांवर घेतलं की मी सुचवलेल्या प्रत्येक महाग वस्तूकडे लोक संशयानं बघतात, आणि त्यांचंही चुकत नाही. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी, तोही १८ टक्के. पावसाळ्यात पॉलिशचं काम घेऊ नका, दमट हवेत पांढरं पडतं. दिवाळीच्या आत ताबा मात्र सगळ्यांनाच हवा असतो, म्हणजे सप्टेंबरात रात्री झोप नाही.

कमिशनचंही सांगून ठेवते, कारण कोर्सवाले सांगणार नाहीत. प्लायवूड, लाइट, टाइल, सगळीकडे डिझायनरसाठी वेगळं पाकीट असतं. पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी घेतलं. नंतर क्लायंटच्या बिलातच ती सूट लावून घ्यायला लागले. दोन दुकानदार रागावले. एकानं तर माझ्या पुढच्या क्लायंटला मुद्दाम चार दिवस माल दिला नाही.

बँकेची सहा वर्षं उपयोगी पडतील असं मला वाटतं. या धंद्यात डिझाइन येणारे पुष्कळ आहेत. अंदाजपत्रक करून, टप्प्याटप्प्यानं पैसे मागून ते वेळेत वसूल करणारे फार कमी. माझे एका डॉक्टरांकडे अजून ४० हजार अडकलेत.

कोर्सबद्दल : एमएसबीटीईची (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची) पदविका, मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ हे मार्ग आहेत, पण ते पूर्ण वेळेचे आणि काही वर्षांचे. चार वर्षांच्या मुलासकट तुम्हाला जमेल असं वाटत नाही. ११ महिन्यांचं शुक्रवारी भरू नका. ज्यांना खरंच प्लेसमेंट मिळाली अशा तीन मुलींचे नंबर मागा. नंतर रंधा यांच्याकडे जा. एक नाही, दहा रविवार जा.

उंबरठा

सूतभरताईंना +१, फक्त कोर्सबाबत थोडं वेगळं मत. ऑटोकॅड आणि स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर येत नसतील तर कुठलंही ऑफिस दारात उभं करत नाही, आणि ते एकट्यानं यूट्यूबवर शिकायला माझा जीव गेला होता. मी शेवटी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचा क्लास केला, फी याच्या पाव सुद्धा नव्हती.

प्लेसमेंटचं मात्र नीट विचारा. माझी पहिली "डिझायनर"ची नोकरी एका मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये होती. महिन्याला टार्गेट, गिऱ्हाइकाला फोन, आणि सॉफ्टवेअरमध्ये तयार कपाटं ओढून-सोडून कोटेशन. सात महिन्यांत मी एकदाही साइट पाहिली नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. काउन्सेलरकडे तीन नंबर मागितले. "विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय असते" म्हणाली, आणि सूट पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढली.

काल रात्री मुलगा झोपल्यावर नवऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून बेडरूमचे कर्ण मोजले. एक १४ फूट साडेनऊ इंच, दुसरा १४ फूट साडेअकरा. दोनदा मोजलं. म्हणजे मी मागच्या वर्षी एवढ्या कौतुकानं केलेल्या कपाटाच्या मागे जी फट आहे, जिच्यामुळे मी सुतारावर इतकी चिडले होते, ती त्याची चूक नव्हती?

आणि चारांतला नेमका कुठला कोपरा चुकलाय हे कसं शोधायचं?

रंधा

कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमध्ये बरोबर ५ फूट आले तर तो कोपरा गुण्यात. कमी आले तर कोपरा आवळलाय, जास्त आले तर फाकलाय. चारही बघा.

रविवारी अकरानंतर या, त्याआधी गाडी खाली करायची असते. आणि त्या सुताराला फोन करा.