टीव्हीसाठी घरात सर्व्हर कशाला? साधं फोल्डर शेअर पुरे (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तारेवरची कसरत

स्वतःकडचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे म्हटलं की हल्ली पहिला सल्ला येतो तो मीडिया सर्व्हर टाकण्याचा. जेलीफिन किंवा प्लेक्स हे सर्व्हरचे प्रोग्राम, त्यासाठी वेगळा छोटा पीसी, मग ते चालवायला डॉकर. माझं मत उलटं आहे. टीव्ही एक, फाइली एकाच डिस्कवर, अशा घराला विंडोजचं शेअर केलेलं फोल्डर आणि अँड्रॉइड टीव्हीवर कोडी हे व्हिडिओ प्लेअर ॲप एवढं भरपूर झालं. 'शेअर चालत नाही' ही तक्रार दोन-तीन ठरलेल्या चुकांमुळे येते.

पहिली चूक पासवर्डची. लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाता आणि रोज पिन टाकता. तो पिन त्या यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. कोडीने पासवर्ड विचारल्यावर लोक पिन टाकतात आणि नकार आला की शेअरिंगला शिव्या घालतात. सरळ 'टीव्ही' नावाचं एक लोकल खातं काढा आणि त्याला खरा पासवर्ड द्या. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर यूजर्स; तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडायचा पर्याय आहे, जरा लपवलेला.

दुसरी चूक, दोन कुलपांपैकी एकच उघडणं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब आहेत आणि दोन्हींतला जो नियम कडक, तो लागू होतो. शेअरिंगमध्ये परवानगी दिली पण सिक्युरिटीत 'टीव्ही' खातंच नाही, तर फोल्डरचं नाव दिसेल, आत शिरता येणार नाही. दोन्हीकडे फक्त 'रीड' द्या, म्हणजे रिमोटवरून चुकून काही डिलीट होण्याची भीती नाही.

कोडीत 'ब्राउझ' करून पीसी सापडायची वाट बघू नका. 'ॲड नेटवर्क लोकेशन' घ्या, प्रोटोकॉल एसएमबी (विंडोजची फाइली शेअर करायची पद्धत), सर्व्हरच्या जागी नावाऐवजी थेट आयपी, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, खाली शेअरचं नाव आणि 'टीव्ही' खात्याचा पासवर्ड. तो आयपी राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) यादीत राखून ठेवा, नाहीतर राउटर रिस्टार्ट झाला की पत्ता बदलू शकतो. डिस्क बाहेरची असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून तिला एकच ड्राइव्ह अक्षर नेमून द्या. अक्षर बदललं की शेअर गायब.

आणि एसएमबी १, म्हणजे त्याची जुनी आवृत्ती, चालू करू नका, जुन्या व्हिडिओत कितीही सांगितलेलं असो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो मुळात बसवणंच बंद केलं. कोडीच्या एसएमबी क्लायंट सेटिंगमध्ये किमान आवृत्ती २ करून ठेवा.

रिमोट कुणाकडे

सगळं बरोबर, पण सुरुवातच 'अँड्रॉइड टीव्हीवर कोडी' अशी केलीत. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये कोडी मिळत नाही. त्या घरांनी काय करायचं? डीएलएनए, म्हणजे टीव्हीतच असलेली, नेटवर्कवरचे व्हिडिओ वाजवायची सोय. विंडोजमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' चालू करा, टीव्हीच्या सोर्स यादीत पीसीचं नाव आपोआप येतं. ना आयपी, ना खातं, ना पासवर्ड. आजीला 'सोर्स' बटण दाखवता येतं, 'ॲड नेटवर्क लोकेशन' नाही.

तारेवरची कसरत

@रिमोट कुणाकडे, आजीला नेटवर्क लोकेशन कुणीच दाखवत नाही हो, ते एकदाच जोडायचं असतं. पुढे कोडीतही पोस्टरवर ओके दाबायचं.

डीएलएनएची अडचण दुसरी आहे. त्यात फाइल टीव्हीचा स्वतःचा प्लेअर वाजवतो. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएस प्रकारच्या आवाजाचा आधार काढून टाकला. म्हणजे चित्र झकास आणि आवाज शून्य. बाजूला ठेवलेली सबटायटलची एसआरटी फाइल काही टीव्हींना डीएलएनएवरून दिसतच नाही. आणि पासवर्ड नाही ही सोय म्हणता, पण वाय-फाय ज्याला दिलं त्या प्रत्येक पाहुण्याला तुमचे घरगुती व्हिडिओही दिले.

बिनतारी

तुम्ही दोघं प्रोटोकॉलवर भांडताय, पण निम्म्या घरांत टीव्ही आणि पीसी एका नेटवर्कवर असतातच कुठे?

फायबरवाला त्याचा वाय-फायवाला डबा लावून जातो. त्याची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर आणतात आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या 'वॅन' (इंटरनेटच्या) पोर्टात घालतात. झाली दोन वेगळी नेटवर्कं. एकात १९२.१६८.१, दुसऱ्यात १९२.१६८.०. टीव्ही हॉलमध्ये फायबरच्या डब्यावर, लॅपटॉप आत दुसऱ्या राउटरवर. लॅपटॉपवरून टीव्हीला हाक पोचते (पिंग होतो), टीव्हीवरून लॅपटॉप सापडत नाही, कारण दुसऱ्या राउटरचं नॅट (पत्ते बदलणारा दरवान) आतल्याला बाहेर सोडतं, बाहेरच्याला आत घेत नाही. इंटरनेट मात्र दोन्हीकडे उत्तम चालतं, म्हणून संशयच येत नाही.

उपाय: दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवायला, टाका. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्याच मालिकेतला, पण दुसऱ्या कुणाला न दिलेला ठेवा आणि केबल वॅनमधून काढून 'लॅन' पोर्टात लावा. टीव्ही गेस्ट वाय-फायवर असेल तर तिथूनही काढा, गेस्टवरची उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. हे झाल्यावर मग एसएमबी की डीएलएनए ते ठरवा.

खटपट्या

बिनतारींना +१. पण मूळ धाग्याशी असहमत. 'टीव्ही एक' हे गृहीतकच कच्चं आहे. टीव्हीवर अर्धा बघितलेला भाग रात्री फोनवर पुढे बघायचा असेल तर कोडीला ते आपणहून येत नाही, प्रत्येक उपकरणाची यादी वेगळी. जेलीफिनमध्ये कुठे थांबलात ते सर्व्हरला माहीत असतं. मुलांचं खातं वेगळं करता येतं. फोनला न झेपणारी फाइल तो वाजवता वाजवता बदलून देतो.

यंत्र मात्र नीट निवडा. इंटेलच्या एन१०० चिपचा छोटा पीसी घ्या, ६ वॅट टीडीपी (चिपची उष्णता), त्यात क्विकसिंक ही व्हिडिओ बदलणारी यंत्रणा असल्यामुळे हे रूपांतर हार्डवेअरवर होतं. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक यासाठी घेऊ नका, त्यात हार्डवेअरचा व्हिडिओ एन्कोडरच (व्हिडिओ नव्याने बनवणारा भाग) नाही. ब्लू-रेवरून काढलेली चित्ररूपी सबटायटल्स लावली की अनेक टीव्हींसाठी सर्व्हरला ती चित्रात मिसळून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. तिथे पाय गुडघे टेकतो.

पेंगुळलेला पेंग्विन

सिनेमा बघायला लॅपटॉप चालू ठेवायचा हेच पटत नाही. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपला, सिनेमा थांबला.

फक्त फाइली द्यायच्या असतील तर पाय ४ पुष्कळ झाला. गिगाबिट पोर्ट आहे, यूएसबी ३ आहे. एक पथ्य: चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. एक अडीच इंची डिस्क चालते, दोन लावल्या की एखादी मध्येच टकटक आवाज करत गळते. मग स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा पॉवरवाला हब घ्या. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस ठेवलीत आणि वीज गेल्यावर ती बिघडली, तर नीट दुरुस्तीसाठी विंडोजच शोधावं लागतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांची यादी) डिस्कची ओळख यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या क्रमांकाने, द्या आणि 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क न लावता पाय चालू केला की बूटच अडकतं.

आणि एसएमबीपेक्षा एनएफएस (लिनक्सची शेअर करायची पद्धत) वापरा, हलकं आहे. कोडी जोडलं जात नसेल तर एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (शेअर केलेल्या फोल्डरांची यादी) 'इनसिक्युअर' हा शब्द घाला. नाव भीतीदायक आहे, अर्थ एवढाच की १०२४ च्या वरच्या पोर्टावरून आलेली जोडणी स्वीकार. कोडी तिथूनच येतं.

तारेवरची कसरत

लॅपटॉप झोपण्याचा मुद्दा मान्य. पाय घ्या, त्यावर सांबा (लिनक्सवरून एसएमबी शेअर देणारा प्रोग्राम) टाका, माझं म्हणणं तरीही शेअरच राहतं. सांबाला वेगळा पासवर्ड नेमून द्यावा लागतो, लिनक्सचा आपोआप लागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

एनएफएसने वेग वाढतो हे मात्र कागदावर. दोन तासांची ८ जीबीची फाइल सरासरी ९ एमबीपीएस मागते, ६० जीबीची ४के फाइल ६७. अडचण टीव्हीच्या मागच्या भोकात आहे: बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, हातात ९४ च्या आसपास येतात, आणि ४के डिस्कचे काही प्रसंग १०० च्या वर उसळतात. तिथे एनएफएसही अडखळेल. राउटर त्याच खोलीत असेल तर केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय लावा, हसू नका, ते जास्त वेगवान पडतं. २.४ वर मात्र गजबजलेल्या इमारतीत ३०-४० मिळाले तरी नशीब. कोडी २१ मध्ये सर्व्हिसेसखाली 'कॅशिंग' आहे, तिथली २० एमबीची मेमरी थोडी वाढवली की लहानसहान उसळ्या पचतात.

साधासुधा

पेनड्राइव्ह लावा की टीव्हीला. दोन मिनिटांचं काम.

खटपट्या

@साधासुधा, फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणार नाही, एक्सफॅट केलंत तर जुना टीव्ही ओळखेलच असं नाही. शिवाय दर वेळी उठून लावायचा कुणी, त्यावर घरात वेगळा धागा निघेल.

रिमोट कुणाकडे

एक राहिलं. कोडीत मराठी सबटायटल्स लावली की चौकोन दिसतात किंवा 'क्र', 'र्थ' फुटून येतात. तुमच्या साध्या शेअरमध्ये याचं काय?

तारेवरची कसरत

त्याचा शेअरशी संबंध नाही. चौकोन म्हणजे निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल कोडीच्या 'मीडिया' फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मध्ये टाका आणि सबटायटलच्या सेटिंगमध्ये तोच फॉन्ट निवडा. जोडाक्षरं फुटत असतील तर कोडी जुनं आहे, २० किंवा पुढचं घ्या. आणि चौकोनांऐवजी भलतीच चिन्हं दिसत असतील तर एसआरटी नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा. तिथेही 'vejkBh'छाप गिचमिड असेल तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, आधी युनिकोडमध्ये बदलावी लागेल.