असोसिएट प्रोफेसरच्या पॅकेटची तयारी: शिकवणंच जास्त आहे, पेपर कमी आहेत

शाल्मली

नमस्कार. मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या रुग्णालयात हॉस्पिटलिस्ट आहे, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णांची डॉक्टर. क्लिनिशियन-एज्युकेटर ट्रॅकवर, म्हणजे रुग्णसेवा आणि शिकवणं हेच मुख्य काम असलेल्या वाटेवर, असिस्टंट प्रोफेसर. रेसिडेन्सी जे-१ व्हिसावर झाली, म्हणून मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट (वेव्हर) मिळवण्यासाठीची ३ वर्षं एका आडगावच्या छोट्या रुग्णालयात केली आणि मग इथे रुजू झाले. आता डिव्हिजन चीफ म्हणताहेत, पुढच्या फेरीत तुमचं नाव असोसिएटसाठी पाठवू, पॅकेटला, म्हणजे बढतीच्या अर्जाच्या कागदपत्रांना, लागा.

सीव्ही उघडला की धास्ती वाटते. वर्षाचा बराच भाग वॉर्डवर रेसिडेंट आणि विद्यार्थ्यांबरोबर जातो. नव्या इंटर्नसाठी रात्रीच्या कॉलवर एकट्याने निर्णय घ्यायचे प्रसंग घेऊन मी एक सिम्युलेशन कोर्स उभा केला आहे. डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी ताडून बघण्याचा क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचा प्रकल्पही चालवते. पण पहिलं नाव माझं असे पेपर मोजकेच, बाकीच्यांत मी कुठेतरी मधे. ग्रँट नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, टेन्युअर (कायम नेमणुकीच्या) ट्रॅकवर बदलून घे, या ट्रॅकला कोणी विचारत नाही.

ट्रॅक बदलावा का? वेव्हरची वर्षं धरतात का? बाहेरची पत्रं कोणाकडून मागवायची? आणि शिकवण्याचा पुरावा म्हणून इव्हॅल्युएशनच्या सरासरीपलीकडे काय देतात?

---

गारवेल

मी बेसिक सायन्सचा, टेन्युअर मिळालेला, म्हणून ट्रॅकपुरतंच लिहितो.

टेन्युअर ट्रॅकवर घड्याळ चालू असतं. अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनात परिविक्षेची मर्यादा ७ वर्षांची आहे. अनेक मेडिकल कॉलेजांनी ती स्वतःच्या नियमांत ९-१० वर्षांपर्यंत वाढवली आहे. मुदत संपेपर्यंत टेन्युअर नाही मिळाला तर जागा सोडावी लागते. तिथे पाहतात ते स्वतंत्र संशोधन, म्हणजे बहुतेक ठिकाणी एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आर०१ हे मोठं ग्रँट किंवा त्या तोडीचं काही. त्याआधीच्या, नवख्या संशोधकांसाठीच्या के२३ सारख्या ग्रँटमध्येसुद्धा तुमचा साधारण ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. तुमचा वेळ वॉर्डवर जातो. तो वेळ विभाग लेखी सोडवून देणार असेल तरच या वाटेचा विचार करा.

शिवाय क्लिनिकल विभागांत टेन्युअर म्हणजे अख्ख्या पगाराची हमी, असं बहुतेक ठिकाणी नसतं. कुठे फक्त मूळ पगारापुरती हमी, कुठे नुसतं पद. सहकाऱ्याला विचारा, आपल्या कॉलेजात टेन्युअरमध्ये नक्की किती पगार येतो?

---

नीलमोहर

शाल्मली, मी आधी विभागाच्या आणि आता कॉलेजच्या प्रमोशन समितीवर आहे. गारवेल यांच्याशी सहमत, ट्रॅक बदलू नका. सविस्तर लिहिते, कारण उत्तम शिकवणाऱ्या माणसांची पॅकेटं परत जाताना मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटतो. काम असतं, कागदावर नसतं. समितीत तुमच्या विभागाबाहेरची माणसं बसतात. कोणी पॅथॉलॉजीचं, कोणी शरीरक्रियाशास्त्राचं. त्यांनी तुम्हाला राउंडवर कधी पाहिलेलं नसतं.

तुमचा प्रश्न वाचताना मला तुमच्या कामात एक धागा स्पष्ट दिसला, तुम्ही मात्र त्याचे तुकडे सुटे सुटे सांगितलेत. रात्री रुग्ण इंटर्नच्या हाती येतो तो प्रसंग, आणि डिस्चार्जला तो घरी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो तो प्रसंग. दोन्ही ठिकाणी रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि चुका तिथेच होतात. वेव्हरच्या रुग्णालयातून तुम्ही मोठ्या रुग्णालयात रुग्ण पाठवत असालच. पाठवणाऱ्याच्या बाजूला उभं राहून जे पाहिलंत ते या कामाचं मूळ असेल, तर तुमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद तोच. 'मला शिकवण्याची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

शिकवण्याचा पुरावा. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसच्या २००६ च्या परिषदेतून शैक्षणिक कामाचे ५ प्रकार पुढे आले: प्रत्यक्ष शिकवणं, अभ्यासक्रम घडवणं, मार्गदर्शन, शैक्षणिक नेतृत्व आणि विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. पाचही भरायचे नसतात. तुमचे बळकट दोन, शिकवणं आणि अभ्यासक्रम, नीट भरा. प्रत्येकात किती केलं, कसं केलं, आणि बाकीच्या शिक्षकांच्या कामाशी त्याचा संबंध काय, हे तिन्ही दिसू द्या. लोक 'किती' यावर थांबतात. वॉर्डचे आठवडे एका तक्त्यात टाका आणि पुढे चला.

सिम्युलेशन कोर्सवर मात्र पानभर लिहा. तो का लागला, इंटर्न कुठे अडखळत होते, प्रसंग कसे निवडले, कोर्सआधी आणि नंतर काय मोजलं, दुसऱ्या वर्षी काय बदललं आणि का बदललं. १९९७ मध्ये ग्लासिक आणि सहकाऱ्यांनी विद्वत्तेच्या कामाचे ६ निकष मांडले: स्पष्ट उद्दिष्ट, पुरेशी तयारी, योग्य पद्धत, अर्थपूर्ण निष्पत्ती, परिणामकारक मांडणी आणि स्वतःच्या कामाकडे चिकित्सक नजर. अनेक समित्या आजही मनात तेच धरून वाचतात. कोर्सचं पान लिहून झालं की या सहांवरून एकदा तपासा. साधारण शेवटचा निकष रिकामा निघतो.

मग तो कोर्स बाहेर काढा. मेडएडपोर्टल हे याच असोसिएशनचं नियतकालिक, तज्ज्ञांकडून तपासलं जाणारं, मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या सूचीत समाविष्ट. दुसऱ्या कॉलेजातल्या शिक्षकाला उचलून तसाच वापरता येईल असा पूर्ण संच तिथे द्यावा लागतो: प्रसंग, शिक्षकासाठी सूचना, मूल्यमापनाचे फॉर्म, निष्कर्ष. इंटर्नची माहिती छापायची म्हणजे आयआरबीकडे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे) आधी विचारणा करा, पूर्ण तपासणीतून माफी मिळण्यासारखं असलं तरी. माहिती गोळा करून झाल्यावर विचारायला गेलं की गुंतागुंत होते. फेरीला वर्षभर वेळ असला तरी हे काम आजच सुरू करा.

इव्हॅल्युएशन. नुसत्या '४.७' ला अर्थ नाही. विभागाची सरासरी किती, किती जणांनी फॉर्म भरले, वर्षागणिक काय झालं, हे शेजारी हवं. आणि त्यावरच विसंबू नका. फॉर्मांत पूर्वग्रह शिरतात, स्त्री शिक्षकांच्या बाबतीत यावर बरंच संशोधन झालं आहे. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला तुमच्या राउंडवर येऊन लेखी निरीक्षण करायला सांगा. समितीत असं एक पान आकड्यांपेक्षा जास्त वेळ वाचलं जातं. मार्गदर्शन केलेल्या रेसिडेंटांचा तक्ता करा: नाव, तुमच्याबरोबर केलेलं काम, त्यातून निघालेलं पोस्टर किंवा पेपर, सध्या कुठे आहेत. जुने रेसिडेंट पांगतात, तेव्हा पत्ते आत्ताच जमवा.

बाहेरची पत्रं. ती 'आर्म्स लेंग्थ' लोकांची लागतात, म्हणजे जे तुमचे मेंटॉर नाहीत, जवळचे सहलेखक नाहीत, एकत्र नोकरी केलेले नाहीत. सहसा तुम्ही मागताय त्या पदावरचे किंवा वरचे. नावं सुचवायची तुम्ही, पत्र मागवायचं चेअरने, म्हणजे विभागप्रमुखाने. स्वतः फोन करून विचारू नका, त्याने पत्राची किंमत जाते. पण आधी ओळख असायला काहीच हरकत नाही, उलट हवीच. सोसायटी ऑफ हॉस्पिटल मेडिसिनच्या समितीत काम करा, परिषदेसाठी आलेली ॲबस्ट्रॅक्ट तपासा, दुसरीकडे ग्रँड राउंड्स (विभागापुढचं व्याख्यान) घ्यायला जा. एकत्र पेपर लिहिलेला नाही, पण काम ऐकलं आहे, असे लोक तिथेच भेटतात. आणि ग्रीन कार्डासाठी जमवलेली पत्रं इथे वापरण्याचा विचारही नको. ती इमिग्रेशनच्या निकषांसाठी लिहिलेली असतात आणि बरेचदा सहकाऱ्यांचीच असतात.

वेव्हरची वर्षं कॉलेजागणिक वेगळी धरतात. नेमणुकीच्या पत्रात आधीच्या सेवेचा उल्लेख आहे का बघा, मग फॅकल्टी अफेअर्सच्या कार्यालयाला ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. तुम्हाला लागू असलेली निकषांची प्रतही तिथूनच घ्या. सहकाऱ्याने पाठवलेली जुनी नको.

---

शाल्मली

नीलमोहर, तो धागा मला स्वतःला कधी दिसला नव्हता. छोट्या रुग्णालयातून रात्री रुग्ण पाठवताना फोनवर काय सांगायचं राहून जायचं, त्यावरूनच हे सगळं डोक्यात आलं होतं. मनापासून आभार.

अजून एक. औषधांच्या यादीच्या प्रकल्पावर छापलेलं काही नाही, फक्त रुग्णालयातल्या बैठकांत मांडलं आहे. आणि मधल्या नावाच्या पेपरांचं काय करू?

---

नीलमोहर

मधल्या नावाच्या प्रत्येक पेपरखाली एक ओळ लिहा, कॉलेजच्या सीव्हीच्या नमुन्यात मुभा असेल तर: 'माहिती गोळा करण्याची पद्धत मी आखली', 'दोन्ही वॉर्डांवरचं काम माझ्याकडे होतं'. खरं तेवढंच लिहा, सहलेखकांपैकी कोणी समितीच्या ओळखीचं असू शकतं. मुभा नसेल तर निवेदनात एक-दोन पेपरांविषयी लिहा.

प्रकल्पासाठी स्क्वायर मार्गदर्शक तत्त्वं पाहा, २०१५ ची सुधारित आवृत्ती. सुधारणेचं काम छापण्याजोगं कसं लिहायचं, संदर्भ कोणता, बदल कोणता, काय मोजलं, हे त्यात आहे. बदलाआधीची मोजणी तुमच्याकडे आहे ना? ती असेल तर पेपर होतो. नसेल तर तो प्रकल्प सेवेच्या भागात ठेवा, रुग्णालयाने पद्धत कायम केली असेल तर तसं लेखी पत्र जोडा, आणि सगळा जोर सिम्युलेशनवर लावा.

---

पाणकणीस

वरच्या चर्चेत एक राहिलं. तुमच्या ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी घड्याळ नसतं, म्हणजे एक फेरी थांबलात तरी नोकरीला धक्का नाही. पण पॅकेट पाठवून नाकारलं गेलं तर पुन्हा पाठवायला काही कॉलेजांत सक्तीने थांबावं लागतं. म्हणून चीफना आधी अनौपचारिक तपासणी मागा. आमच्याकडे विभागाच्या समितीतले दोघं सीव्ही आणि निवेदन वाचून 'आता' की 'थांबा' ते सांगतात, त्याची कुठे नोंद होत नाही. मी त्यांच्या सांगण्यावरून एक फेरी थांबलो, तेवढ्यात एक पेपर स्वीकारला गेला आणि पॅकेट पहिल्याच वेळी पुढे गेलं.

---

शाल्मली

बदलाआधीची मोजणी आहे, फार्मसीकडे. उद्या मागवते. आयआरबीचा अर्ज या आठवड्यात टाकते आणि चीफकडे तपासणीचं बोलते. निवेदनाचा मसुदा झाला की इथेच टाकेन, वाचाल ना?

---

नीलमोहर

नक्की. पहिलं पानच आधी टाका, बाकी नंतर.