शब्दचर्चा: ‘देसगत’ला ‘संस्थान’ म्हणायचं का?

हुक्केरीकर: आमच्या भागातल्या एका देसाई घराण्यावरची कन्नड नोंद एका कोशासाठी मराठीत आणतोय. मुळात ‘देसगती’ आहे, म्हणजे देसायाचं वतन, म्हणून मी ‘देसगत’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘संस्थान’ केलं आणि वर शेरा मारला, ‘संस्थान नसेल तर गावाच्या नोंदीत दोन ओळी घाला.’ म्हणजे एका शब्दावर अख्खी नोंद अडलीय.

निपाणीची: ‘संस्थान’ चूकच. रामदुर्ग संस्थान होतं, १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. देसाई परगण्याचा वतनदार. वसुली त्याची, हिशेब देशपांड्याचा. ती वतनं १९५० च्या कायद्यानं गेली.

खानापूरवाला: मग कित्तूरचं काय? तेही देसाईच की. कन्नडमध्ये सर्रास ‘कित्तूर संस्थान’ म्हणतात. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द खोडणारे आपण कोण?

निपाणीची: तोंडी बसला म्हणून दप्तरातला हुद्दा बदलत नाही. कित्तूरची नोंद होते ती १८२४ च्या लढाईमुळं, चन्नम्मा राणीमुळं. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात पडला. शिरसंगीचे लिंगराज देसाई इस्टेट शिक्षणासाठी ठेवून गेले, बेळगावात त्यांच्या नावचं कॉलेज आहे. त्यांची स्वतंत्र नोंद हवीच. नुसता वाडा उभा आहे म्हणून सगळ्या पिढ्यांची नको.

हुक्केरीकर: ताई, पिढ्यांची यादी मलाही नकोय. त्या वाड्यात तांबड्या फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं गाठोडं मी स्वतः सोडलंय. सुताराला किती जोंधळे, परटाला किती, पायलीनं मोजून लिहिलंय. शाई फिकी झालीय, पण नावं लागतात. ती माणसं दुसऱ्या कुठल्या नोंदीत येणार आहेत?

चिकोडीचा: पाटीलकी, देशमुखी, तसं सरळ ‘देसाईकी’ लिहा. ‘देसगती’ कन्नड, ती मराठीत कशाला ओढता?

निपाणीची: कन्नड कशी? शेतात म्हैस शिरली की आमची आजी म्हणायची, ‘जाऊ दे, आपली काय देसगत बुडाली?’ तिला कन्नड येत नव्हतं. देसाईकी म्हणजे हुद्दा. देसगतीत जमीन, वाडा, मानपान, सगळं येतं.

चिकोडीचा: आमच्यात म्हातारी माणसं ‘देसगत बुडालं’ म्हणायची. ‘ती’ नव्हे, ‘ते’.

खानापूरवाला: छे! ‘ती’च. आमच्याकडं तर सातबारा दाखवताना अजून म्हणतात, ‘ही जुन्या देसगतीतली.’

चिकोडीचा: ‘देसगतीतली’वरनं काय कळतंय? ते ‘ही’ जमिनीचं.