एनजीसी ९३६ ला दांडा आहे, मग हात कुठे गेले?

निशाचर: तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी ९३६ या दीर्घिकेचा (गॅलेक्सीचा) फोटो बघितला, मधे मस्त दांडा (ताऱ्यांचा लांबट पट्टा) दिसतोय पण सर्पिल हातच नाहीत, असं कसं काय?

भिंगवाला: भिंगाकार दीर्घिका आहे ती, एसबी-झिरो टाइप, म्हणजे दांडा असलेली पण हात नसलेली. तबकडी आहे पण गॅस जवळपास संपलाय, त्यामुळे नवे तारे फारसे होत नाहीत आणि हात विरून जातात. दांडा म्हाताऱ्या ताऱ्यांच्या लांबुळक्या कक्षांचा, त्याला गॅस लागतच नाही, म्हणून टिकलाय.

निशाचर: मग गॅस नेला कोणी?

जुनी_दुर्बीण: एकच चोर नाही हो. दीर्घिकांच्या गुच्छात त्यांच्या मधला तापलेला वायू दीर्घिकेतला गॅस घासून नेतो, कुठे दोन दीर्घिकांचं विलीनीकरण, कुठे ताऱ्यांनीच संपवला, आणि दांडा स्वतःही गॅस केंद्राकडे ढकलतो म्हणजे घरचाच भेदी :) बाकी ९३६ च्या दांड्याचा वेग १९९५ मधे मोजलाय, चांगला जोरात फिरतोय.