घरचं तेलुगू बंद करू नका

तेलुगू बोलणाऱ्या घरातलं पहिलीतलं मूल मराठी शाळेच्या वर्गात गप्प बसतं, तर घरी तेलुगू बंद करून मराठीच बोला, असा सल्ला काही जण पालकांना देतात. मला तो अजिबात पटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं पहिलीला शिकवतेय. यंत्रमागावर जाणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या घरांतली पुष्कळ मुलं तेलुगूच बोलत शाळेत येतात. सुरुवातीच्या काळात मांजराचं चित्र पाहून एक मुलगी ‘पिल्लि’ म्हणाली. मला वाटलं, पिल्लू म्हणतेय. मी चुकीचं ठरवलं आणि ती पुढे आठवडाभर बोललीच नाही. तेलुगूत पिल्लि म्हणजे मांजरच! तिचं उत्तर बरोबर होतं. आजही आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आधी मुलांचा शब्द घेते, मग त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवते. आईनं मोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलण्यापेक्षा बिड्या वळता वळता तेलुगूत गोष्ट सांगावी. ‘मग काय झालं’, ‘का झालं’ हे मुलाला त्यातूनच कळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान ५ वीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे.

मूल घरीही गप्पच असेल, तर मात्र कान तपासून घ्या.