व्हॅनिलाचा वास आणि कोकणातला उकाडा

स्वस्त बर्बनमधला, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीमधला, व्हॅनिलाचा वास वरून घातलेल्या इसेन्सचा असावा, अशी शंका काही जण घेतात; ती मला मान्य नाही. अमेरिकी नियमांनुसार बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो, ते आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपातच मुरवावे लागते आणि त्यात रंग किंवा स्वाद मिसळण्यास मनाई आहे. बाटली स्वस्त असली तरी हा नियम शिथिल होत नाही. ओकच्या लाकडातील लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) उष्णतेने विघटित होऊन व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य, तयार होते आणि पीप नवे असल्यामुळे ते भरपूर उतरते.

मात्र अशा बर्बनबद्दल केली जाणारी 'नाकात नुसता स्पिरिटचा झणका बसतो' ही तक्रार खरी आहे, आणि तिचे कारण बाटलीइतकेच आपल्या हवेतही आहे. वेंगुर्ल्यात मे महिन्यात खोलीचे तापमान सहज 32 अंशांवर असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलची वाफ इतकी उठते की तिच्यापुढे बाकी सारे वास दबून जातात. मी बाटली वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवतो, तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडेसेच ओततो, चमचाभर साधे पाणी घालतो आणि पाच मिनिटे थांबतो. बर्फ टाळतो, कारण अति गारठ्याने वास मिटतात. असे केल्यावर त्याच साध्या बर्बनमध्ये मला आधी भाजलेल्या मक्याचा, मग जळक्या साखरेचा आणि शेवटी, घोट गिळून झाल्यावर, सुक्या खोबऱ्यासारखा वास स्पष्ट जाणवला. हा खोबऱ्याचा वासही ओकचाच असतो, आणि आपल्याकडच्या नाकाला तो ओळखायला मुळीच अवघड नाही.