महापालिकेच्या आरोग्य विभागाची वेबसाइट: मेन्यू कसा लावायचा?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. एका महापालिकेच्या (नाव नको) आरोग्य विभागाची वेबसाइट नव्याने मांडायचं काम आमच्या छोट्या ऑफिसकडे आलंय. सध्या पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांचे फोटो, पळणारी 'ताज्या घडामोडी'ची पट्टी, मग निविदा, परिपत्रकं, भरती. मेन्यूत फक्त विभागांची नावं. दवाखान्यांची यादी आहे, पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, तीही तिरकी.

कुत्रा चावल्यावर लस कुठे मिळते ते शोधून पाहिलं. विभाग, त्यात राष्ट्रीय कार्यक्रम, त्यात रेबीज नियंत्रण, आणि तिथे काय, तर कार्यक्रमाची उद्दिष्टं! दवाखान्याचं नाव नाही की वेळ नाही.

मीटिंगमध्ये प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग पहिल्या पानावर हवाय. मांडणी नेमकी कशावरून ठरवायची?

केसपेपर:
मला वेबसाइटमधलं काही कळत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, आता निवृत्त. पण तुम्ही विचारताय ते माझ्या टेबलावर रोज घडायचं.

विभागाचं नाव घेऊन कोणी येत नाही हो. हातात एक कागद असतो आणि तोंडात एक प्रश्न. 'ऑपरेशन सांगितलंय, योजनेत बसतं का?' 'सोनोग्राफीला उपाशीपोटी यायचं का?' 'बाळाचा दाखला कुठे मिळतो?' त्या दाखल्याचंच घ्या. प्रसूतिगृह एका विभागाकडे, जन्मनोंदणी दुसऱ्याकडे, लसीकरण तिसऱ्याकडे. बाई एकच, आणि टाके ओले. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, हे तिला तिन्हीपैकी कोणत्या पानावर सापडणार? 'बाळंतपण' असं एकच पान करा आणि नाव नोंदवण्यापासून पहिल्या लसींपर्यंत सगळं ओळीने तिथे लावा. कुठलं टेबल कोणाकडे, हे तिला कळायची गरजच नाही.

कुत्र्याच्या पानावर सगळ्यात वर: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. लगेच खाली: आत्ता कुठला दवाखाना उघडा आहे. जखम खोल असेल तर लसीसोबत रेबीजविरोधी सीरमही लागतं आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून कुठे आहे ते वेगळं लिहा. नंतर तारखा. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. आता गुरुवारी पहिली सुई घेतली की तिसरा दिवस रविवारी येतो, आणि दवाखान्याला कुलूप. रविवारी कुठे जायचं, हे त्या पानावर हवंच. माणसं इथेच गळतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही (मोफत उपचारांची सरकारी योजना) तसंच. नुसती रुग्णालयांची यादी टाकू नका. रुग्णालय योजनेत असतं, पण सगळ्या उपचारांसाठी असतंच असं नाही. आधी उपचार विचारा, मग रुग्णालय दाखवा, आणि आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेची मदत करणारा माणूस, कुठे बसतो तेही.

फाईलवाला:
ताईंचं पटतं, पण कार्यालयीन मजकूर काढून टाकता येणार नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख): १७ बाबी प्रसिद्ध कराव्याच लागतात. निविदाही हव्यात. सगळं एका 'कार्यालयीन माहिती' कप्प्यात तळाशी ठेवा. ठेकेदार तिथवर बरोबर पोचतो, त्याची काळजी नको.

विभागप्रमुखांना प्रत्येकी एक पान द्या, फोटोसकट. भांडण मिटेल. स्कॅन पीडीएफवरून कोणी अडून बसलं तर सरकारी वेबसाइटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं, २०२३ ची तिसरी आवृत्ती, टेबलावर ठेवा. तसली पीडीएफ अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

खरी गोम पुढे आहे. दवाखान्याची वेळ एकाच ठिकाणी नोंदवा आणि कुत्र्याच्या, बाळंतपणाच्या, सगळ्या पानांवर तीच नोंद उमटू द्या. दोन ठिकाणी टाइप केली की एक जुनी राहणारच. आणि ती बदलायचा अधिकार दवाखान्यातच कोणाला तरी द्या. मुख्यालयातून मंजुरी यायची म्हटली की गणपतीची सुट्टी दिवाळीत दिसेल.

खटपट्या:
दोघांचेही आभार. कप्प्यांची नावं कार्डांवर लिहून लोकांनाच लावायला सांगावं म्हणतोय. केसपेपरच्या रांगेत उभं राहून केलं तर चालेल का?

केसपेपर:
रांगेत अजिबात नको, नंबर जाईल म्हणून कोणी तुमच्याकडे बघणारही नाही. रिपोर्टसाठी थांबलेले नातेवाईक बाकावर बसलेले असतात, त्यांना गाठा. आणि 'कुठे लावाल?' असं विचारण्यापेक्षा फोन हातात देऊन म्हणा, 'आईच्या डायलिसिसचं बघायचंय, कुठे दाबाल?' बोट कुठे अडतं ते लिहून घ्या. शेजारचा मदतीला वाकेल, त्याला वाकू द्या. घरीही तसंच होतं. फक्त विभागाच्या माणसाला सोबत नेऊ नका, लोक त्याच्यासमोर 'छान आहे साहेब' एवढंच म्हणतील.